सिलिकॉनवर गेल्यावर ईओ पॉलिमरचा आर-३३ रोज वेगळा का येतो

आधी प्रश्न काय आहे ते थोडक्यात. ईओ म्हणजे इलेक्ट्रो-ऑप्टिक, व्होल्टेज दिलं की ज्याचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स बदलतो असं पॉलिमर, आणि आर-३३ म्हणजे तो किती बदलतो याचं माप. डिस्पर्स रेड १ हा क्रोमोफोर (ईओ परिणाम देणारा रंगाचा रेणू) साखळीला जोडलेला पॉलिमर, स्पिन करून साधारण २ मायक्रॉनची फिल्म. आयटीओ (पारदर्शक वीजवाहक थर) लावलेल्या काचेवर केली, वर जाड सोनं दिलं, टेंग-मान सेटअपवर (फिल्ममधून परतलेल्या लाईटच्या ध्रुवीकरणातल्या बदलावरून आर-३३ काढायची मांडणी) मोजली की आर-३३ सहा पिकोमीटर प्रति व्होल्टच्या आसपास येतो, निमूटपणे, रोज तेवढाच. तीच फिल्म १० ओहम-सेंटीमीटरच्या पी-टाइप सिलिकॉनवर केली, वर सोन्याचा अगदी पातळ थर दिला म्हणजे लाईट आत जाईल, लेझर तोच १३१० नॅनोमीटरचा, तर कधी ३ कधी ११. वरच्या इलेक्ट्रोडला पॉझिटिव्ह बायस (स्थिर डीसी व्होल्टेज) देत गेलं की सिग्नल निम्म्यावर येतो, खोलीतली लाईट लावली की परत चढतो, आणि कडी म्हणजे पोलिंग (फिल्म गरम करून मोठ्या व्होल्टेजने क्रोमोफोर एका दिशेला वळवणं) न केलेल्या सॅम्पललाही थोडा सिग्नल दिसतोय. तर सिलिकॉनमुळे पॉलिमर बिघडतं का?

नाही बिघडत. फिल्म ठणठणीत असणार. बिघडलाय तो भागाकार.

टेंग-मानचं सूत्र आठवा, १९९० चं आहे, त्याच वर्षी शिल्डक्राउटनेही तीच पद्धत स्वतंत्रपणे दिली. वर लॉक-इनने (लावलेल्या एसीच्याच फ्रिक्वेन्सीचा सिग्नल वेचणारं यंत्र) वाचलेली मॉड्युलेटेड तीव्रता, खाली दोन गोष्टी, एक म्हणजे लावलेलं एसी व्होल्टेज आणि दुसरी म्हणजे अर्ध्या तीव्रतेच्या पॉइंटवरचा डिटेक्टरचा डीसी. बाकी सगळं कोनाचं आणि रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्सचं गणित, ते बदलत नाही. आता या खालच्या दोन आकड्यांबद्दल सूत्र न बोलता दोन गोष्टी गृहीत धरतं. लावलेलं सगळं व्होल्टेज फिल्मवरच पडलंय, आणि डिटेक्टरवर आलेला सगळा लाईट फिल्ममधून जाऊन परत आलाय. आयटीओ आणि जाड सोनं असताना दोन्ही बऱ्यापैकी खरं असतं. (बऱ्यापैकीच म्हणतोय, आयटीओपण इन्फ्रारेडमध्ये लाईट खातो, पण ते नंतर कधीतरी.) सिलिकॉनवर दोन्ही खोटं असतं. हे दोन धागे वेगवेगळे सोडवायचे, एकत्र ओढले की गाठ बसते. बहुतेक जण नेमकं तेच करतात, सगळं खापर सिलिकॉनमधल्या चार्जवर फोडून मोकळे होतात.

व्होल्टेजपासून सुरू करतो. सोनं, पॉलिमर आणि पी-टाइप सिलिकॉन ही सरळसरळ एमओएस (धातू-ऑक्साइड-सेमीकंडक्टर) कॅपॅसिटरची रचना आहे, फक्त ऑक्साइडच्या जागी २ मायक्रॉन जाडीचं रंगीत प्लास्टिक. वर निगेटिव्ह दिलं की होल्स (पी-टाइपमधले पॉझिटिव्ह चार्जवाहक) इंटरफेसला येऊन गोळा होतात, सिलिकॉन धातूसारखं वागतं, सगळं व्होल्टेज फिल्मवर. वर पॉझिटिव्ह दिलं की होल्स मागे सरतात, वाहक नसलेला डिप्लीशन लेयर तयार होतो, आणि हा लेयर म्हणजे फिल्मच्या सिरीजमध्ये आलेला दुसरा कॅपॅसिटर. व्होल्टेज दोघांत वाटलं जातं.

किती वाटलं जातं हे अंदाजाने ठरवू नका, गणित पाच मिनिटांचं आहे. १० ओहम-सेंटीमीटर पी-टाइप म्हणजे डोपिंग साधारण १.३ गुणिले १० चा १५ वा घात प्रति घनसेंटीमीटर. पॉलिमरचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ३.५ धरा, सिलिकॉनचा ११.७. बायस शून्य आणि एसी १० व्होल्ट असेल तर पॉझिटिव्ह टोकाला डिप्लीशन जेमतेम ०.७ मायक्रॉन होतं आणि सिलिकॉन खातं किती, तर अर्धा व्होल्ट. दहातला अर्धा. म्हणजे पाच टक्के. त्यामुळे शून्य बायसवर तुमचा आकडा ६ चा ३ झाला असेल तर ते डिप्लीशनचं काम नाही, त्याला उगाच फासावर चढवू नका.

बायस दिल्यावर मात्र खेळ बदलतो. समजा अंधाऱ्या बॉक्समध्ये तुम्ही बायस झपाट्याने +१०० व्होल्टला नेला. सिलिकॉनला इनव्हर्जन लेयर (इंटरफेसला जमलेला इलेक्ट्रॉनचा थर) बनवायला इलेक्ट्रॉन हवेत, ते पी-टाइपमध्ये जवळजवळ नसतातच, थर्मल जनरेशनने हळूहळू तयार होतात, चांगल्या वेफरमध्ये खोलीच्या तापमानाला याला कित्येक सेकंद आणि कधीकधी त्याहून जास्त लागतात. तोवर चार्जची गरज भागवायला डिप्लीशनच खोल खोल जात राहतं, याला डीप डिप्लीशन म्हणतात. वरच्या आकड्यांनी ते ५ मायक्रॉनच्या पुढे जातं, १०० पैकी सुमारे २८ व्होल्ट सिलिकॉनवर पडतात, आणि जास्त महत्त्वाचं म्हणजे लहान एसी सिग्नलची वाटणी, तिच्यातलं ४४ टक्के सिलिकॉनकडे जातं. हेच तुमचं निम्म्यावर येणं. मग वेळ गेला की किंवा लाईट पडला की इलेक्ट्रॉन तयार होतात, इनव्हर्जन बसतं, डिप्लीशन आकसून पाऊण मायक्रॉनवर येतं आणि एसीचा तोटा १० टक्क्यांवर उतरतो. लाईट अजून जोरदार असेल तर इलेक्ट्रॉन १ किलोहर्ट्झच्या एसीमागे धावू शकतात, मग तोही तोटा जवळपास जातो. खोलीतली लाईट लावल्यावर सिग्नल चढतो तो यामुळे, पॉलिमरमध्ये फोटो-काहीतरी होतंय असं समजून त्यावर पेपर लिहायला बसू नका.

यात एक बारकावा. १३१० नॅनोमीटरचा फोटॉन ०.९५ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, सिलिकॉनचा बँडगॅप १.१२, त्यामुळे तुमचा प्रोब लेझर स्वतः कॅरिअर (इलेक्ट्रॉन-होल) तयार करत नाही, म्हणून अंधारात डीप डिप्लीशन टिकतं. हेच मोजमाप कोणी ६३३ च्या हीलियम-निऑनने केलं तर लेझरच सिलिकॉनला उजेड दाखवतो, आणि त्याला हा परिणाम कधी दिसतच नाही. दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत त्यात अशीही कारणं असतात.

मी स्वतः यात तीन आठवडे घालवलेत, म्हणून सांगतोय. सकाळी एक आकडा, दुपारी दुसरा, मी पॉलिमरच्या बॅचला नावं ठेवत बसलो, सॉल्व्हंट राहिलंय म्हणून व्हॅक्यूम ओव्हनमध्ये दोन दोन दिवस भाजलं. शेवटी शेजारच्या टेबलावरचा मुलगा काही शोधायला बॉक्सचं झाकण उचलून उभा राहिला आणि लॉक-इनचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत वर चढला. झाकण ठेवलं की खाली, हळूहळू. दुपारी खिडकीतून ऊन यायचं, बॉक्सला फट होती. त्या दिवसापासून नियम, ऑप्टिक्सच्या टेबलावर जाण्याआधी सॅम्पल एलसीआर मीटरला (कॅपॅसिटन्स मोजणारं यंत्र) लावायचं.

ते कसं करायचं बघा. ३ मिलीमीटर व्यासाचं इलेक्ट्रोड असेल तर २ मायक्रॉनच्या फिल्मचं कॅपॅसिटन्स ११० पिकोफॅरडच्या आसपास यायला हवं. १ किलोहर्ट्झ लावा, वर निगेटिव्ह बायस द्या, ११० दिसलं पाहिजे आणि बायस वाढवला तरी ढळलं नाही पाहिजे. आता अंधारात पटकन पॉझिटिव्हकडे न्या, +१०० व्होल्टला ६० च्या थोडं वर आलेलं दिसेल. तिथेच थांबा आणि नुसतं बघत राहा, आकडा हळूहळू चढत ९९ च्या आसपास स्थिरावेल. मोबाइलचा टॉर्च मारा, लगेच उडी मारेल. एलसीआर मीटरला आतून एवढा बायस देता येत नाही बहुतेक, बाहेरून द्यायचा तर ब्लॉकिंग कॅपॅसिटर लावून द्या नाहीतर मीटरचं इनपुट जाईल. हा एक ग्राफ हातात आला की कुठल्या बायसला फिल्मवर किती टक्के एसी पडतंय ते थेट कळतं, मोजलेलं कॅपॅसिटन्स भागिले ११०, बस. तोच तुमचा करेक्शन फॅक्टर. सूत्रातला व्होल्टेजचा आकडा त्याने गुणायचा.

निगेटिव्ह बाजूलाही कॅपॅसिटन्स ढळत असेल तर मागचा कॉन्टॅक्ट तपासा. १० ओहम-सेंटीमीटर सिलिकॉनच्या पाठीला नुसती सिल्व्हर पेस्ट लावली की तिथे शॉट्की डायोड (धातू-सिलिकॉनच्या सांध्यावरचा, एकाच दिशेने करंट जाऊ देणारा) बसतो. मी डायमंड स्क्राइबने पाठ खरवडतो, चांगली चरचरून, आणि त्यावर इंडियम-गॅलियम यूटेक्टिक काडीने घासतो, मग त्यावर तांब्याची पट्टी. दिसायला गबाळं, पण काम चोख. पोलिंगला याचं महत्त्व आणखी वाढतं, त्याकडे येतो.

आता दुसरा भाजक, लाईट. ११ चा आकडा इथे आहे.

काचेवरच्या सॅम्पलमध्ये लाईट आयटीओतून आत जातो, फिल्ममधून जाड सोन्यावर आपटतो आणि परत येतो. १३१० ला जाड सोनं ९५ टक्क्यांहून जास्त परत पाठवतं, पुढच्या पृष्ठभागांची परावर्तनं त्या मानाने किरकोळ. सिलिकॉनच्या सॅम्पलमध्ये आरसा कोण आहे? पॉलिमर आणि सिलिकॉनमधला इंटरफेस. एकाचा इंडेक्स १.६, दुसऱ्याचा ३.५, फ्रेनेलचं सूत्र लावा, १४ टक्के. उरलेला ८६ टक्के लाईट सिलिकॉनच्या आत, कारण १३१० ला सिलिकॉन पारदर्शक. आणि वर काय आहे, तर पातळ सोनं, जे स्वतः भरपूर परावर्तन करतं आणि तो लाईट फिल्मला शिवतही नाही. म्हणजे डिटेक्टरवर जे येतंय त्यातला मोठा वाटा वरूनच परत फिरलेला, आणि फिल्ममधून फिरून आलेला छोटा वाटा त्याच्याशी इंटरफिअर करतोय. पातळ सोनं आणि सिलिकॉन मिळून तुम्ही नकळत एक ढिसाळ फॅब्री-पेरो (समोरासमोरच्या दोन आरशांची पोकळी) बनवलाय.

त्या फॅब्री-पेरोचा परिणाम असा की सिग्नल फिल्मच्या नेमक्या जाडीवर लटकतो. ४५ अंशाला एक पूर्ण फ्रिंज म्हणजे जाडीत ०.४६ मायक्रॉनचा फरक. अर्धी फ्रिंज, म्हणजे एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, ०.२३ मायक्रॉन. चिपच्या कडेला स्पिनचा जो कठडा तयार होतो तिथे एवढा फरक काही मिलीमीटरमध्ये सहज मिळतो. सूत्रात जाडी येत नाही हा टेंग-मानचा मोठा गुण म्हणून शिकवतात, तो गुण एकच परावर्तन धरल्यामुळे आलेला आहे, इथे तो लागू नाही. तर कधी ३ कधी ११ याचा सरळ अर्थ, लेझरचा ठिपका दर वेळी वेगळ्या जागी पडतोय. खात्री करून घ्यायची असेल तर सॅम्पल ट्रान्सलेशन स्टेजवर घ्या आणि अर्धा अर्धा मिलीमीटर सरकवत वाचा, आकडा लाटेसारखा वरखाली होईल, एखाद्या जागी चिन्हही उलटेल.

यावर उपाय काय, तर सगळ्यात सोपा हा की सिलिकॉनवर आधी १० नॅनोमीटर टायटॅनियम आणि १०० नॅनोमीटर सोनं टाका, मग पॉलिमर, मग वर आयटीओ किंवा पातळ सोनं. सिलिकॉन मग नुसता पाट राहतो, त्याचं इलेक्ट्रॉनिक्सही गेलं आणि ऑप्टिक्सही गेलं. फक्त पॉलिमरचा आर-३३ हवा असेल तर असंच करा, सिलिकॉनशी झुंजण्यात शहाणपण नाही. पण तुम्हाला सिलिकॉनच्या थेट संगतीत फिल्म कशी वागते हेच बघायचं असेल, पुढे सिलिकॉन डिव्हाइस करायचंय म्हणून, तर मग सगळे थर धरून ट्रान्सफर मॅट्रिक्स (थराथरातून लाईट कसा जातो-परततो याचं गणित) लिहा, जाडी आणि पातळ सोन्याचे ऑप्टिकल कॉन्स्टंट वेगळे मोजा, आणि कोन बदलत बदलत घेतलेला पूर्ण डेटा फिट करा. एका कोनाच्या एका आकड्यावर भरवसा नको.

दोन्ही बाजूंनी पॉलिश केलेलं वेफर घेऊन पाठीमागून, सिलिकॉनमधून लाईट टाकायचा आणि वर जाड सोन्याचा आरसा करायचा, हा मार्गही आहे आणि मला तो आवडतो, फक्त मग अर्ध्या मिलीमीटर जाडीचं सिलिकॉन स्वतः एटॅलॉन, म्हणजे आणखी एक फॅब्री-पेरो होतं. सिलिकॉनचा इंडेक्स तापमानाने बराच सरकतो, अंशाला १.८ गुणिले १० चा उणे ४ था घात, त्यामुळे सात-आठ अंशांत एक आख्खी फ्रिंज सरकते. खोलीचा एअर कंडिशनर चालू-बंद झाला तरी बेसलाइन डोलते. अरुंद लाइनविड्थच्या लेझरऐवजी सुपरल्युमिनेसंट डायोड लावला की हे डोलणं पुसलं जातं.

आता पोलिंग न केलेल्या सॅम्पलचा सिग्नल. इथे आधी एक बाळबोध गोष्ट करा, बीम अडवा. हाताने. लॉक-इन शून्यावर आलं का? तुमच्या आकड्यांत, ६ पिकोमीटर प्रति व्होल्ट आणि १० व्होल्टला मॉड्युलेशन डीसीच्या दहा हजारात एक-दोन भाग इतकंच असतं, म्हणजे डिटेक्टरवर १ व्होल्ट असेल तर शंभर-सव्वाशे मायक्रोव्होल्ट. शेजारून १० व्होल्टची वायर गेलीय. पिकअप यायला काही लागत नाही. ग्राउंड लूपने माझ्या ओळखीतल्या किती जणांना आर-३३ मिळवून दिलाय त्याची गणती नको.

बीम अडवल्यावर सिग्नल गेला, म्हणजे तो ऑप्टिकल आहे. मग कॉम्पेन्सेटर (ध्रुवीकरणाची फेज हवी तशी सरकवणारा घटक) फिरवून दोन्ही अर्ध्या-तीव्रतेचे पॉइंट घ्या, चढत्या उतारावरचा आणि उतरत्या उतारावरचा. खरा फेजचा सिग्नल एका बाजूला पॉझिटिव्ह असेल तर दुसऱ्या बाजूला तेवढाच निगेटिव्ह येतो, लॉक-इनची फेज १८० अंश उलटते. नुसतं परावर्तन किंवा शोषण मॉड्युलेट होत असेल तर दोन्हीकडे चिन्ह सारखंच राहतं. दोन वाचनांच्या वजाबाकीचं अर्धं म्हणजे फेज, बेरजेचं अर्धं म्हणजे भेसळ. सिलिकॉनवर ही भेसळ हमखास निघते, कारण वरचा फॅब्री-पेरो थोड्याशा फेज बदलाचं तीव्रतेत रूपांतर करतो. एकाच पॉइंटवर मोजून पेपरात आकडा छापलेला दिसला की मी पान उलटतो.

एवढं करूनही पोलिंगशिवाय फेज उरलीच तर ती खरीच आहे, पण पॉकेल्सची (फील्डच्या सरळ प्रमाणातला परिणाम, आर-३३ त्याचंच माप) नाही. न पोल केलेली फिल्म सममित असते, तिला पॉकेल्स इफेक्ट नसतो, केर मात्र असतो, फील्डच्या वर्गाशी जोडलेला. वर्गात अडचण अशी की आत आधीपासून एखादं डीसी फील्ड बसलेलं असेल तर डीसी अधिक एसीचा वर्ग करताना मधलं पद निघतं, आणि ते एसीच्याच फ्रिक्वेन्सीला असतं, हुबेहूब पॉकेल्ससारखं. आतलं डीसी फील्ड येतं कुठून तर तुमचा बायस, सोनं आणि सिलिकॉनच्या वर्कफंक्शनमधला फरक, आणि इंटरफेसजवळ अडकलेला चार्ज. सिलिकॉनवर एक-दोन नॅनोमीटरचं नेटिव्ह ऑक्साइड असतंच, चार्ज अडकायला तेवढी जागा पुरते. ओळखायचं कसं, दुप्पट फ्रिक्वेन्सीवर लॉक-इन लावा, केर असेल तर तिथेही दिसेल. बायस बदला, केरचा भाग त्याच्याबरोबर सरळ रेषेत बदलेल आणि चिन्हही उलटवेल, पॉकेल्सचा भाग बसल्या जागी राहील. आणि फ्रिक्वेन्सी १ किलोहर्ट्झवरून शंभर किलोहर्ट्झला न्या, क्रोमोफोर कणाकणाने डोलत असतील तर ते मागे पडतात, इलेक्ट्रॉनिक भाग तसाच राहतो.

बरेच जण इथे फ्री कॅरिअर प्लाझ्मा इफेक्टचं नाव घेतात. सोरेफ आणि बेनेट यांनी १९८७ मध्ये सिलिकॉनमधल्या कॅरिअरमुळे इंडेक्स किती बदलतो याचे आकडे दिले, सिलिकॉन मॉड्युलेटरचा सगळा धंदा त्यावर उभा आहे, त्यामुळे संशयित म्हणून तो सोयीचा. पण तुमच्या सॅम्पलमध्ये चार्ज किती हलतो बघा. २ मायक्रॉनच्या फिल्मवर १० व्होल्ट म्हणजे प्रति चौरस सेंटीमीटर साधारण १० चा ११ वा घात इतके कॅरिअर, तो चार्ज डिप्लीशनमध्ये पसरलेला असो की इंटरफेसला चिकटलेला, बेरीज तीच. त्याने होणारा ऑप्टिकल पाथचा बदल फिल्मच्या पॉकेल्सच्या दोन-तीन टक्के भरतो, तोही लाईट सिलिकॉनमधून जाऊन परत डिटेक्टरवर आला तर. सोडून द्या. हां, फिल्म ०.२ मायक्रॉनची केलीत तर गोष्ट वेगळी, कारण पॉकेल्सची एकूण फेज जाडीवर अवलंबून नसते, व्होल्टेज तेच तर फेज तीच, पण कॅपॅसिटन्स दहापट झाल्याने कॅरिअर दहापट हलतात, आणि मग तीन टक्क्यांचे तीस होतात. डिप्लीशनचा वाटाही तिथे वाढतो, २ मायक्रॉनला जो तोटा १० टक्के होता तो ०.२ मायक्रॉनला निम्म्याच्या वर जातो. पातळ फिल्म सिलिकॉनवर मोजायची तर ०.००५ ओहम-सेंटीमीटर किंवा त्याहून कमी रेझिस्टिव्हिटीचं वेफर घ्या, डिप्लीशनचा विषयच संपतो.

पोलिंगबद्दल थोडं, कारण मोजमाप दुरुस्त केलं तरी फिल्म अर्धवट पोल झालेली असेल तर आकडा कमीच येणार. वरवर बघता सिलिकॉनचा पोलिंगला त्रास नसावा, फिल्मवर दोनशे व्होल्ट असताना इनव्हर्जन झालेलं सिलिकॉन एका व्होल्टच्या आतच खातं. पण टीजीजवळ (पॉलिमर मऊ पडायच्या तापमानाजवळ) पॉलिमरमधून गळती सुरू होते, करंट वाहतो. वर पॉझिटिव्ह आणि खाली पी-टाइप असेल तर हा करंट पुरवायला सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन तयार व्हावे लागतात, ते उलट्या बायसमधल्या डायोडसारखं आहे, गळती जनरेशनपेक्षा जास्त झाली की इनव्हर्जन लेयर रिकामा होतो आणि व्होल्टेज सिलिकॉन गिळायला लागतं. गरम असताना जनरेशन बरंच वाढलेलं असतं म्हणून कधी निभावतं, पण कधी नाही, आणि मग एकाच रेसिपीने केलेल्या दोन चिप वेगळ्या निघतात. म्हणून पोलिंग नेहमी अॅक्युम्युलेशनमध्ये, म्हणजे सिलिकॉनचे मूळचे वाहक इंटरफेसला गोळा होतील असं, पी-टाइपला वर निगेटिव्ह, एन-टाइपला वर पॉझिटिव्ह. आता गंमत बघा, पी-टाइपला वर निगेटिव्ह म्हणजे पाठ पॉझिटिव्ह, आणि पाठीवरचा कॉन्टॅक्ट नीट ओहमिक नसेल तर तो शॉट्की नेमका याच दिशेला उलटा बायस होतो. पुढच्या दाराने हाकललेला डायोड मागच्या दाराने घरात. म्हणून ती खरवडण्याची कटकट. पोलिंग करताना सिरीजमध्ये पिकोअँमीटर ठेवा आणि करंटचा ग्राफ जपून ठेवा, नंतर भांडण मिटवायला तोच कामी येतो.

सिलिकॉनवर हात बसला की पुढे कोणीतरी गॅलियम आर्सेनाइड हातात देणारच, म्हणून हेही. सेमी-इन्सुलेटिंग वेफर, रेझिस्टिव्हिटी १० चा ७ वा घात ओहम-सेंटीमीटर, जाडी अर्धा मिलीमीटर. पाठीवरून व्होल्टेज दिलं तर वेफर म्हणजे सिरीजमधला रेझिस्टर आणि २ मायक्रॉनची फिल्म म्हणजे कॅपॅसिटर, कॉर्नर फ्रिक्वेन्सी येते सुमारे २०० हर्ट्झ. १ किलोहर्ट्झला फिल्मवर पोहोचतं पाचवा हिस्सा, फेज पाऊणशे अंशांनी मागे. दहा-पंधरा किलोहर्ट्झच्या पुढे वेफर स्वतःच डायइलेक्ट्रिक होतो आणि फिल्मच्या वाट्याला सत्तरातला एक भाग. त्यात गॅलियम आर्सेनाइड सिलिकॉनसारखं गरीब नाही, त्याला स्वतःचा पॉकेल्स इफेक्ट आहे, आर-४१ जेमतेम दीड पिकोमीटर प्रति व्होल्ट, पण इंडेक्सचा घन मोठा आणि व्होल्टेज जवळजवळ सगळं त्याच्यावर, त्यामुळे लाईट वेफरमधून फिरून आला तर तुम्ही पॉलिमर मोजतच नसता. चाचणी सुंदर आहे, १०० ओरिएंटेशनचं वेफर असेल तर सॅम्पल आपल्याच पातळीत ९० अंश फिरवा. क्रिस्टलच्या सिग्नलचं चिन्ह उलटतं, पोल केलेल्या फिल्मला कुठल्या बाजूने बघताय याने फरक पडत नाही. उलटलं, तर पॉलिमरबद्दल त्या ग्राफवरून काही बोलू नका.

स्लॉट डिव्हाइसबद्दलही जाता जाता थोडं. सिलिकॉनच्या दोन पट्ट्यांमधल्या शंभरेक नॅनोमीटरच्या फटीत पॉलिमर भरतात त्या सिलिकॉन-ऑर्गॅनिक हायब्रिड मॉड्युलेटरमध्ये २०१८ मध्ये ३९० पिकोमीटर प्रति व्होल्ट दाखवलेत, जेआरडी१ नावाच्या क्रोमोफोरने. तुमच्या सहाशी तुलना करून खट्टू होऊ नका, मटेरिअलच वेगळ्या पिढीचं आहे. पण हिशेब तोच, पट्ट्यांचं डोपिंग कमी ठेवलं तर व्होल्टेज फटीपर्यंत पोहोचेपर्यंत वाटेत गळतं, जास्त ठेवलं तर लाईट शोषला जातो, म्हणून काही डिझाइनमध्ये सब्सट्रेटला गेट व्होल्टेज देऊन पट्ट्यांत अॅक्युम्युलेशन करतात.

तुमच्या जागी मी असतो तर उद्या एकाच बॅचच्या सोल्युशनमधून चार चिप केल्या असत्या. एक आयटीओवर, एक सिलिकॉनवर मधे सोनं देऊन, एक ०.००५ च्या सिलिकॉनवर थेट, एक तुमच्या १० ओहम-सेंटीमीटरवर थेट. पोलिंग चौघांचं एकाच दिवशी, फील्ड तेच. पहिल्या दोन चिपचे आकडे जुळले तर पॉलिमरवरचा संशय तिथेच मिटला. तिसरी आणि दुसरी यांच्यातला फरक निव्वळ ऑप्टिक्सचा, चौथी आणि तिसरी यांच्यातला फरक डिप्लीशनचा. आणि पोलिंगनंतर किती तासांनी वाचलं ते वहीत लिहा, क्रोमोफोर पहिल्या दिवशीच थोडे सैल पडतात, सोमवारच्या चिपची गुरुवारच्या चिपशी तुलना केलीत तर परत पहिले पाढे पंचावन्न.